‘खाली’ म्हणजे काय? सुरतच्या साइटवर शिकलेला संवादाचा धडा



मंडळाच्या या अंकासाठी भाषेवर काहीतरी लिही, असं मला सांगितलं तेव्हा आधी एखाद्या कवितेवर लिहायचं डोक्यात होतं. साहित्याच्या विद्यार्थिनीकडून तीच अपेक्षा असते. पण खरं सांगायचं तर या उन्हाळ्यात भाषेबद्दल जे शिकले ते पुस्तकात नाही. ते सुरतेत, पाल भागातल्या एका अर्धवट इमारतीवर शिकले. तिथे माझ्या एका शब्दाने एका मुलाच्या पायाला टाके पडले. म्हणून हा लेख.

माझा मामा वसईचा, पण गेली एकोणीस वर्षं सुरतेत साइट सुपरवायझर आहे. मिक्सरवरून ओरडून ओरडून त्याच्या स्वरतंतूवर गाठ आली होती. मे महिन्यात ती काढली आणि डॉक्टरांनी बजावलं, दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. त्यातच इमारतीचा चौथा स्लॅब तोंडावर आलेला. मी सुट्टीत तिकडेच होते. मामाने पाटीवर लिहिलं, “तुला भाषा येतात ना? चल माझ्याबरोबर. मी लिहितो, तू बोल.”

मी खूश झाले. मराठी आणि इंग्रजी या माझ्या दोन्ही घरच्या भाषा, हिंदी चांगली, गुजराती समजते. घरी आजी सामवेदी बोलते, त्यामुळे बोलींचीही सवय आहे. म्हटलं, यात अवघड ते काय!

सुरतेत किती भाषा?

आधी थोडं शहराबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सुरत हे गुजराती शहर आहे, पण नुसतं गुजराती नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातली म्हणजे धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात. सुरत–भुसावळ रेल्वेमार्गाने ती इथे आली. याच मार्गावर नवापूर स्टेशन आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांची हद्द या स्टेशनातूनच जाते आणि तिथल्या घोषणा चार भाषांत होतात. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते. एवढ्यावरूनच शहराचा अंदाज यावा.

त्यात बांधकाम जोरात. मेट्रोची पायाभरणी १८ जानेवारी २०२१ रोजी झाली. सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली असे दोन मार्ग मिळून ४०.३५ किलोमीटरचं काम आहे. हिरे बाजाराच्या अवाढव्य इमारतीचं उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झालं. बुलेट ट्रेनचं स्टेशनही इथे होतंय. पण जास्त माणसं दिसतात ती मामाच्या साइटसारख्या साध्या, सात-आठ मजली इमारतींवर. आमच्याकडे सेंट्रिंगचा मुकादम गुजराती, फिटर बिहारचे, गवंडी बंगाल आणि झारखंडचे, लिफ्टच्या विंचवर बसणारे काका नवापूर तालुक्यातले आणि घमेली वाहणाऱ्या बायका दाहोदकडच्या, भिली बोलणाऱ्या.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की साइटवर एका वस्तूला एक नाव नसतं. आपली खडी म्हणजे गुजरातीत कपची आणि हिंदीत गिट्टी. आपलं घमेलं म्हणजे तगारूं. गवंडी म्हणजे कडियो. परांचीला गुजरातीत पालख म्हणतात. मुकादम “पालख बांधो” म्हणाला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुकोबांची पालखी आली! एक शब्द मात्र ओळखीचा भेटला. भिंत उभ्या रेषेत आहे का ते बघायचा आपला ओळंबा गुजरातीतही ओळंबोच.

ज्या शब्दाला आपण अडखळतो तो शब्द फार धोक्याचा नसतो. कळलं नाही की आपण विचारतो. धोक्याचा शब्द तो, जो आपल्याला कळला असं वाटतं. अशा शब्दांची तीन उदाहरणं देते.

पहिलं उदाहरण : बारा की चार?

दुसऱ्या दिवशी मामाने चिठ्ठी दिली. अमुक बीमला १२ मिलिमीटरची सळई. मी फिटरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “हां, चार सूत.” मी ठासून सांगितलं, “चार नहीं भैया, बारह!” तो हसला. परत म्हणाला, “वही तो, चार सूत.” मी परत, “बारह!” आजूबाजूची माणसं बघायला लागली.

शेवटी मामाने पाटीवर हिशेब मांडला. एक इंच म्हणजे आठ सूत. म्हणजे एक सूत साधारण सव्वातीन मिलिमीटर. म्हणून १० मिलिमीटरची सळई तीन सूत, १२ची चार सूत, १६ची पाच सूत, २०ची सहा सूत आणि २५ची आठ सूत. नकाशा मिलिमीटरमध्ये असतो, माणसं सुतात बोलतात. फिटर चुकला नव्हता. उलट त्याने माझं सांगणं स्वतःच्या मापात बदलून मला परत ऐकवलं होतं. साइटवर यापेक्षा चांगली सवय नाही, असं मामाने खाली लिहिलं. मला तेव्हा फक्त लाज वाटली. त्या वाक्याचं मोल पुढे कळलं.

दुसरं उदाहरण : काल की उद्या?

खालच्या मजल्याच्या हॉलच्या स्लॅबला अजून टेकू लावलेले होते. मुकादम माझ्याकडे आला आणि म्हणाला, “बेन, काले खोली नाखीए?” मी ऐकलं, काल काहीतरी खोललं. म्हटलं, मामाला सांगते, आणि मान हलवली.

मामा शेजारीच होता म्हणून बरं. त्याने पेन्सिल पाटीवर टकटक वाजवली. मराठीत ‘काल’ म्हणजे होऊन गेलेला दिवस. गुजरातीत ‘काले’ म्हणजे कालही आणि उद्याही, हिंदीतल्या ‘कल’सारखंच. मुकादम विचारत होता, टेकू उद्या काढू का? आणि मी होकार दिला होता.

हे फार गंभीर होतं. काँक्रीट वरून घट्ट दिसलं तरी आतून ताकद यायला दिवस लागतात. भारतीय मानक ४५६ मध्ये साध्या सिमेंटसाठी हिशेब दिला आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठा गाळा असेल तर १४ दिवस. बीम सहा मीटरपर्यंत असेल तर १४ आणि त्याहून लांब असेल तर २१ दिवस. हा हॉल साडेचार मीटरहून मोठा होता आणि स्लॅब भरून नऊच दिवस झाले होते.

मामाने मला कॉलमजवळ नेलं. तिथे लाल रंगाने दोन तारखा लिहिल्या होत्या. वरची स्लॅब भरल्याची, खालची टेकू काढायची. अक्षरं नाहीत, फक्त इंग्रजी आकडे. नोटा आणि मोबाइल यांच्यामुळे ते आकडे सगळ्यांना वाचता येतात. मामाच्या साइटवर काल, उद्या, परवा चालत नाही. आपला ‘परवा’ तरी कुठे साधा आहे? तोही मागचा असतो आणि पुढचाही.

तिसरं उदाहरण : खाली

सहावा दिवस. तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक चढवणं चालू होतं. माल वर नेणारी लिफ्ट म्हणजे दोरावर चालणारी लोखंडी फळी. खाली विंचवर नवापूरचे काका बसलेले. त्यांना वरचं दिसत नाही. म्हणून मधे एक माणूस उभा राहून वरचा निरोप खाली देतो. तो माणूस त्या दिवशी जेवायला गेला होता. त्याच्या जागी मी उभी राहिले. मला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याला भाषा येतात, एवढ्या जोरावर उभी राहिले.

फळी वर पोचली. झारखंडचा एक मुलगा, माझ्याच वयाचा असेल, एक पाय स्लॅबवर आणि एक पाय फळीवर ठेवून ब्लॉक उतरवत होता. शेजारचा कडियो माझ्याकडे बघून ओरडला, “हजी खाली करीए छीए!” म्हणजे, अजून रिकामी करतोय, थांबा.

मला हिंदी-गुजरातीतला ‘खाली’ माहीत नाही, असं नाही. खाली म्हणजे रिकामं, हे शाळेतलं पोर सांगेल. पण मिक्सर आणि ग्राइंडर चालू असताना वाक्य कानापर्यंत येत नाही. एखादा शब्द येतो. बाकीचं वाक्य आपण मनात भरतो आणि भरताना आपल्या घरच्या भाषेत भरतो. माझ्यापर्यंत फक्त ‘खाली कर’ एवढं आलं. मी वळले आणि काकांना मराठीत ओरडून सांगितलं, “काका, खाली घ्या!”

काकांनी फळी खाली सोडली.

जिन्याजवळून मामाची शिट्टी वाजली, लांब, एकच. काकांनी ब्रेक मारला. फळी हातभर खाली येऊन थांबली होती. मुलगा मागे स्लॅबवर पडला म्हणून वाचला. त्याच्या नडगीला फळीची कड लागून चांगलीच जखम झाली होती. दोन ब्लॉक खाली येऊन फुटले. ते पडले तिथून पाच-सहा पावलांवर घमेलं घेऊन एक बाई उभी होती.

मुलाला दवाखान्यात नेलं. टाके पडले. पाच दिवस काम बंद. रोजावरच्या माणसाचे पाच दिवस म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मामाने पाटीवर लिहून लिहून कंत्राटदाराशी भांडण केलं आणि त्याची हजेरी भरून घेतली.

संध्याकाळी मी रडत बसले होते. मामाने लिहिलेलं मी नंतर माझ्या वहीत उतरवून घेतलं : “चूक तुझी एकटीची नाही. वरच्याने नुसतं ओरडून सांगितलं, हात केला नाही. तू अर्धं ऐकून पुढे दिलंस. काकांनी उलट विचारलं नाही. मी तिथे गेट लावलं नव्हतं. गेट असतं तर तो पाय फळीवर गेलाच नसता. भाषा कितीही सुधारली तरी गेटचं काम गेटच करणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला सुरुवात करण्याआधी गेट लागलं. आणि ‘खाली’ हा शब्द साइटवर बंद झाला. उतरवायचं तर ‘नीचे’, तो हिंदीतही चालतो, गुजरातीतही, आणि मराठी माणसालाही कळतो. रिकामं करायचं तर ‘माल उतारो’. फळीला निरोप द्यायचा तो तोंडाने नाही, हातानेच.

हाताची भाषा

क्रेन आणि लिफ्टसाठी ठरलेल्या खुणा जगभर जवळपास सारख्या आहेत. हात वर, तर्जनी आकाशाकडे आणि लहान गोल फिरवलं, की वर घे. हात खाली, बोट जमिनीकडे आणि गोल फिरवलं, की खाली सोड. एक हात बाजूला ताणून, तळवा जमिनीकडे ठेवून आडवा हलवला, की थांब. दोन्ही हात तसेच हलवले, की ताबडतोब थांब.

यात दोन नियम महत्त्वाचे. खूण देणारा माणूस एकच, आणि तो चालवणाऱ्याला सतत दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला तर काम थांबवायचं. दुसरा नियम याच्या उलटा वाटतो, पण उलटा नाही. ‘थांब’ ही खूण मात्र कोणीही देऊ शकतो आणि कोणीही दिली तरी पाळायची. इंजिनिअरने दिली की घमेलंवालीने, हे बघायचं नाही.

शिट्टीचा अर्थ कोणाला माहीत होता?

हे मला सगळ्यात जास्त लागलं. आठव्या दिवशी दुपारी मी दाहोदच्या बायकांबरोबर डबा खायला बसले. बोलता बोलता विचारलं, शिट्टी वाजली की तुम्ही काय करता? त्या दिवशी ब्लॉकजवळ उभी असलेली बाई मोडक्या गुजरातीत म्हणाली, शिट्टी म्हणजे लिफ्ट आली, माल घ्यायला जायचं. शिट्टी ऐकून ती त्या दिवशी दोन पावलं पुढे गेली होती, लिफ्टच्या दिशेने.

साइटवर रोज सकाळी पाच मिनिटांची बैठक होते. आज काय काम, कुठे धोका, शिट्टी म्हणजे काय, हे सगळं तिथे सांगतात. पण त्या वेळी या बायका लेकरांना झोळीत घालत असतात नाहीतर चूल आवरत असतात. त्यांना निरोप मिळतो तो नवऱ्याकडून, त्याला मुकादमाकडून, त्याला मामाकडून. तीन हात फिरून आलेला निरोप, तोही भिलीत. एकोणीस वर्षं साइट चालवणाऱ्या मामालाही हे माहीत नव्हतं. त्याने पाटीवर नुसतं एक प्रश्नचिन्ह काढलं आणि बराच वेळ पुसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बैठक अर्धा तास उशिरा आणि बायका उभ्या असतात तिथेच झाली. शिट्टीचा अर्थ त्यांच्यातल्याच एकीने भिलीत सांगितला. मग मामाने शिट्टी वाजवली आणि सगळ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. एकदा नाही, तीनदा करून बघितलं.

‘समजलं का?’ हा प्रश्न वाईट का?

पहिले काही दिवस मी प्रत्येकाला निरोप दिल्यावर विचारायचे, “समझे?” सगळे म्हणायचे, “हां.” मला वाटायचं, काय छान समजावतेय मी! पण नव्या मजुराला ‘नाही समजलं’ म्हणणं परवडत नाही. अडाणी ठरण्याची भीती, उद्या नाक्यावर परत जायची भीती. म्हणून त्या प्रश्नाला एकच उत्तर येतं. त्या ‘हां’चा अर्थ ‘तुम्ही बोललात ते ऐकू आलं’, फार तर एवढाच.

मामा विचारतो तो प्रश्न वेगळा. “आता काय करणार? दाखव.” माणूस मग हाताने जागा दाखवतो, मापाला टेप लावतो, नाहीतर स्वतःच्या शब्दांत सांगतो. चूक असेल तर तिथेच कळते. फिटरने ‘चार सूत’ म्हणून मला हेच दिलं होतं, मी न मागता.

आणखी एक. सुरतेत नावापुढे भाई, बेन लावायची पद्धत आहे. मामा अगदी काल कामावर आलेल्या पोरालाही भाई म्हणतो. ‘ए’ म्हणून हाक मारली की माणसाच्या मनात तो ‘ए’च राहतो, पुढची सूचना राहत नाही. हे त्याने पाटीवर लिहिलं नाही. मी स्वतः बघितलं.

माझी एक फजितीही सांगते. पहिल्या दिवशी मी उत्साहाने एक फलक लिहिला होता, ‘शिरस्त्राण परिधान केल्याविना प्रवेश निषिद्ध.’ तीन दिवस कोणी त्याच्याकडे बघितलंही नाही. मग मामाने त्यावर खडूने हेल्मेट घातलेलं डोकं काढलं. तेवढं पुरलं.

वर्गात शिकलेलं आणि साइटवर दिसलेलं

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वाचला असेल. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात भाषेची सहा कार्यं सांगितली आहेत. परीक्षेसाठी आपण त्यातलं काव्यात्म कार्य पाठ करतो. पण त्यात आणखी दोन आहेत, ज्यांच्याकडे मी कधी नीट बघितलं नव्हतं. एक, संपर्क चालू आहे का हे तपासणं : ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ दुसरं, आपण दोघं एकच भाषा वापरतोय का हे तपासणं : ‘तू खाली म्हणतोस ते कुठलं खाली?’ कवितेत शब्दाला दोन अर्थ असले तर आपण त्याला सौंदर्य म्हणतो. लिफ्टखाली तेच सौंदर्य माणसाच्या पायावर येतं.

दुसरी गोष्ट बायबलमधली. मी तिथे असतानाच पेंटेकॉस्टचा रविवार आला. त्या दिवशीच्या मिस्सात प्रेषितांच्या कृत्यांतला दुसरा अध्याय वाचतात. पण माझ्या डोक्यात आला तो उत्पत्तीचा अकरावा अध्याय, बाबेलचा बुरूज. लहानपणापासून ती गर्वाची गोष्ट म्हणून ऐकली आहे. या वेळी लक्षात आलं की ती एका बांधकामाच्या साइटची गोष्ट आहे. भाजलेल्या विटा, चुन्याऐवजी डांबर, हे सगळं त्यात आहे. भाषा वेगळ्या झाल्या, एकमेकांचं बोलणं कळेना, आणि काम थांबलं.

मग सुरतेतलं काम कसं थांबत नाही? तिथे तर रोज सहा-सात भाषा असतात. मला वाटतं, याचं उत्तर पेंटेकॉस्टच्या वाचनात आहे. त्या दिवशी सगळे एकच भाषा बोलायला लागले, असं त्यात नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं, असं आहे. म्हणजे वजन ऐकणाऱ्याच्या बाजूला आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले तेव्हा लोकांनी आपली इंग्रजी शिकावी म्हणून थांबले नाहीत. ते लोकांची भाषा शिकले, आणि १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. त्यांचं काम फार मोठं होतं. पण भिलीत शिट्टीचा अर्थ सांगणाऱ्या बाईचं कामही त्याच जातीचं आहे, असं मला आता वाटतं.

थोडक्यात धडा

वर्गात नोट्स काढतो तशा मी मामाच्या पाट्यांवरून या नोट्स काढल्या. ज्यांचे वडील, काका, भाऊ बांधकामावर आहेत त्यांनी घरी वाचून दाखवाव्यात.

१. दोन भाषांत वेगळा अर्थ असलेले शब्द शोधा आणि साइटवर बंद करा. आमच्याकडे ‘खाली’ आणि ‘काल’ बंद झाले.

२. दिवस सांगायचा तो तारखेने, आणि ती कामाच्या जागीच लिहायची.

३. माप सांगताना समोरचा कुठल्या मापात विचार करतो ते बघा. सूत की मिलिमीटर, फूट की मीटर.

४. आवाज असेल तिथे हाताची खूण. खूण देणारा एकच, थांबवायचा हक्क सगळ्यांचा.

५. ‘समजलं का?’ विचारू नका. ‘काय करणार ते दाखव’ म्हणा.

६. निरोप किती हातांतून जातो ते मोजा. शेवटच्या माणसाला, बहुतेक वेळा शेवटच्या बाईला, जाऊन विचारा.

७. ऐकू अर्धं आलं तर पुढे अर्धं देऊ नका. काम थांबवून परत विचारा.

सातवा नियम मामाचा नाही, माझा आहे.

चौदाव्या दिवशी चौथा स्लॅब भरला. सकाळी सहाला मिक्सर चालू झाला, रात्री नऊला काम संपलं. कोणाला काही लागलं नाही. तो झारखंडचा मुलगा परत आला होता, जरा लंगडत. मी माफी मागितली. तो “कोई बात नहीं, दीदी” म्हणाला. या वेळी मी त्याच्या ‘कोई बात नहीं’वर थांबले नाही. पाय दाखव म्हटलं. पट्टी मळलेली होती. मामाने त्याला ड्रेसिंगला पाठवलं.

कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर काहीतरी समजावलं आणि विचारलं, “समजलं का?” साठ जण एका सुरात म्हणाले, “हो सर.” मीही म्हणणार होते. मग हात वर केला आणि म्हटलं, “सर, मला जे समजलं ते सांगते, बरोबर आहे का बघा.” सांगितलं. अर्धं चुकलं होतं.